नाजूक त्वचेसाठी घरच्या लोशनमध्ये व्हिटॅमिन सी : आधी पीएच ठरवा, मग पावडर निवडा

देवगडकडच्या एका ताईंच्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. त्यांची त्वचा नाजूक आहे आणि गालांवर वांगाचे डाग आहेत. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी लिंबाचा रस लावला आणि चेहरा भाजल्यासारखा झाला. म्हणून या वेळी त्यांनी रीतसर सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट (व्हिटॅमिन सी पासून केलेली पावडर) मागवलं आणि खोबरेल-भिरंडेलाच्या (कोकमाच्या बियांच्या तेलाच्या) नेहमीच्या लोशनमध्ये १० टक्के घातलं. पाणी घरच्या विहिरीचं, उकळून गाळलेलं. घट्टपणासाठी कार्बोमर. तासाभरात लोशन पातळ झालं. प्रिझर्व्हेटिव्हच्या, म्हणजे जंतू-बुरशी रोखणाऱ्या द्रव्याच्या, बाटलीवर ‘पीएच ५ च्या आसपास ठेवा’ असं होतं (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप : ७ मधला, खाली आम्ल, वर अल्क), म्हणून त्यांनी सायट्रिक ॲसिड घातलं, तर दुसऱ्या दिवशी बोटाला वाळूसारखे कण लागायला लागले. गाल आधीही चुरचुरले आणि नंतरही. त्या विचारतात, “व्हिटॅमिन सी मला चालतच नाही का, की त्याचं दुसरं रूप, दुसरं डेरिव्हेटिव्ह, घेऊ?”

ताई, व्हिटॅमिन सी तुम्हाला चालत नाही असं यावरून मुळीच ठरत नाही. तुमच्या गालांवर जे गेलं त्याचा पीएच चुकलेला होता, त्यात क्षार फार होता आणि बहुधा त्यातलं प्रिझर्व्हेटिव्हही निकामी होतं. अशा लोशनने दणकट त्वचासुद्धा तक्रार करेल. मी औषधनिर्माणशास्त्र शिकले, काही वर्षं क्रीमच्या कारखान्यात काढली आणि गेली चौदा वर्षं मालवणजवळ घराच्या पडवीत लोशनं करते, बचत गटातल्या बायकांना शिकवते. व्हिटॅमिन सी घालताना बिघडलेले जेवढे घाणे माझ्यासमोर आले, त्यातल्या बहुतेकांचं कारण एकच होतं. पावडर चांगली म्हणून आणली, पण ती ज्या भांड्यात राहायची त्या भांड्यातल्या बाकीच्यांशी तिचं पटतं का, हे कुणी पाहिलं नाही.

आधी ही डेरिव्हेटिव्ह कशासाठी आहेत ते पाहू. शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिड पाण्यात टिकत नाही. हवा, उजेड आणि उष्णता लागली की पिवळं पडतं, मग तपकिरी होतं. शिवाय ते त्वचेत शिरायला पीएच ३.५ च्या खाली लागतो. २००१ साली डुकराच्या त्वचेवर झालेल्या एका अभ्यासात हे नीट दिसलं होतं. नाजूक गालांवर ३.५ पीएच म्हणजे आग. म्हणून त्या रेणूच्या नेमक्या हळव्या जागी एक टोपण बसवतात, कधी फॉस्फेटचं, कधी ग्लुकोजचं. रेणू टिकतो आणि त्वचेतली एन्झाइमं ते टोपण हळूहळू काढतात. याची दुसरी बाजूही सांगते. त्याच अभ्यासात मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट आणि ॲस्कॉर्बिल पाल्मिटेट लावून त्वचेतलं व्हिटॅमिन सी वाढलेलं दिसलं नव्हतं. उलट १९९६ च्या एका जपानी अभ्यासात मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेटचं १० टक्के क्रीम वांग आणि वयाचे डाग असलेल्या ३४ जणांना दिलं, तेव्हा १९ जणांचे डाग ठळकपणे फिकट झाले होते. म्हणजे उपयोग होतो, पण सगळ्यांना नाही आणि सावकाश होतो. तीन महिन्यांच्या आत निकाल लावू नका. आणि दुपारी बाजारात टोपीशिवाय, सनस्क्रीनशिवाय फिरत असाल तर वांगावर कुठलंच व्हिटॅमिन सी पुरं पडणार नाही.

आता तुमच्या घाण्यात काय झालं ते बघू. सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट हा एक क्षार आहे. २०० ग्रॅम लोशनमध्ये १० टक्के म्हणजे २० ग्रॅम, तीन-साडेतीन चहाचे चमचे मीठ टाकल्यासारखं. कार्बोमरचा जेल मिठाला अजिबात टिकत नाही. चिमूटभर मिठानेसुद्धा तो पाणी होतो. म्हणून लोशन तासाभरात पातळ झालं. हात चुकला असं वाटून घेऊ नका, कितीही फेटलं असतं तरी तेच झालं असतं.

दुसरं, या पावडरचं पाण्यातलं द्रावण अल्कधर्मी असतं, पीएच ९ च्या वर. आपल्या चेहऱ्याची त्वचा ५ च्या आसपास असते. साबणाचा फेस न धुता तसाच ठेवला तर गाल कसे ओढतात आणि चुरचुरतात, पहिल्या वेळी तुमच्या गालांचं तसंच काहीसं झालं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, तिच्यावर मी जरा थांबते. तुमचं प्रिझर्व्हेटिव्ह सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेटच्या जातीचं असणार, कारण पीएच ५ ची सूचना बहुतेक वेळा त्यांच्यावर असते. ही दोन्ही आम्लात काम करतात. पीएच साडेपाचच्या वर गेला की त्यांचा जोर झपाट्याने कमी होतो आणि ७ ला ती असून नसल्यासारखी. आणि सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेटला पाहिजे ७ किंवा थोडं वर. साडेसहाच्या खाली आणलंत की ते सुटं होऊन खडे धरायला लागतं. बोटाला लागलेली वाळू तीच. म्हणजे एकाला ५ हवं, दुसऱ्याला ७, आणि दोघांना तुम्ही एका बाटलीत ठेवलंत. पीएच खाली आणला तर व्हिटॅमिन बाहेर पडतं, वर ठेवला तर बुरशीला दार उघडं राहतं. यात मधला मार्ग नाही. जोडीच बदलावी लागते.

सोलकढीचं उदाहरण मी बायकांना नेहमी देते, कारण ते प्रत्येकीने पाहिलेलं असतं. नारळाचं दूध हेसुद्धा पाण्यात तेल धरून ठेवलेलं एक लोशनच आहे. त्यात आगळ (कोकमाचा आंबट रस) घातलं की लगेच काही होत नाही, रंग सुरेख येतो. पण तीच सोलकढी कुणी गरम करायला ठेवली की फुटते, वर तेलकट थर आणि खाली पाणी. आम्ल, मीठ आणि उष्णता यांतलं थोडं थोडं दूध सोसतं, सगळं मिळून आलं की नाही सोसत. तुमच्या लोशनला मीठ आणि आम्ल एकापाठोपाठ एक मिळालं.

विहिरीच्या पाण्याबद्दलही बोलायलाच हवं. आपल्याकडे जांभ्यातून झिरपलेल्या पाण्यात लोह असतं. बादलीच्या तळाला तांबूस डाग धरतो तो त्याचाच. किनाऱ्याजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, म्हणजे त्यात मीठही आलं. उकळल्याने जंतू मरतात, पण लोह आणि मीठ जागच्या जागी राहतं, उलट पाणी आटल्यामुळे थोडं दाटच होतं. लोह आणि तांबं हे व्हिटॅमिन सी चे आणि तेलांचेही वैरी. त्यांच्यामुळे व्हिटॅमिन तपकिरी होतं, तेल खवट होतं. आमच्याकडे एका गटातल्या मावशी शुद्ध म्हणून तांब्याच्या हंड्यातलं पाणी घ्यायच्या. पिण्यासाठी घेतलं तर ठीक, पण लोशनसाठी त्याच्याइतकं वाईट पाणी नाही. डिस्टिल्ड पाणीच घ्या. भांडी काचेची किंवा स्टीलची, पितळेचं पातेलं नको.

मग घ्यायचं काय? परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं. तुमच्याकडे पीएच पट्ट्या आणि ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा असेल, तर मी ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड सुचवेन, २ टक्के. ते पीएच ५ ते ७ मध्ये राहतं, म्हणजे त्वचेला मानवेल अशा साडेपाच-सहावर लोशन ठेवता येतं. महाग आहे, पण १०० ग्रॅमच्या घाण्याला दोनच ग्रॅम लागतं. प्रिझर्व्हेटिव्ह मात्र बदला. फिनॉक्सीइथेनॉल आणि इथाइलहेक्झिलग्लिसरीनचं तयार मिश्रण मिळतं, त्याला पीएचची फिकीर नसते. ते १ टक्का, त्याच्या वर नाही.

काटा आणि पट्ट्या नसतील, किंवा एवढी मोजामोज जमणार नसेल, तर लोशनचा नाद सोडून तेलात विरघळणारं टेट्राहेक्झिलडेसिल ॲस्कॉर्बेट घ्या. स्क्वालेनसारख्या हलक्या तेलात २ टक्के, सोबत अर्धा टक्का व्हिटॅमिन ई, कारण हे एकटं ठेवलं तर हवेने खराब होतं. यात पाणीच नाही, त्यामुळे पीएचचा प्रश्न नाही आणि प्रिझर्व्हेटिव्हही लागत नाही. बाटली आणि ड्रॉपर मात्र कोरडे ठणठणीत हवेत. ओल्या हाताने उघडून चालणार नाही. नवशिक्यांना मी हेच आधी करायला लावते.

इथाइल ॲस्कॉर्बिक ॲसिडची हल्ली फार चलती आहे. टिकतं चांगलं, हे खरं. पण त्याच्या स्पर्शाने ॲलर्जी आल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत, म्हणून नाजूक त्वचेवर पहिला प्रयोग म्हणून मी ते देत नाही.

ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइडचं १०० ग्रॅम लोशन मी असं करते. एका भांड्यात ५७.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी आणि ०.१ ग्रॅम डायसोडियम ईडीटीए. हे ईडीटीए चुकूनमाकून आलेलं लोह पकडून ठेवतं. ३ ग्रॅम ग्लिसरीनमध्ये ०.२ ग्रॅम झँथन गम कालवून त्यात सोडायचा. कोरडा टाकलात तर गुठळ्या होतात. झँथन एवढ्यातेवढ्या क्षाराला दाद देत नाही, म्हणून कार्बोमरऐवजी हा. दुसऱ्या भांड्यात ३ ग्रॅम भिरंडेल, ६ ग्रॅम तेल, दीड ग्रॅम सिटाइल अल्कोहोल आणि साडेचार ग्रॅम इमल्सिफायर, म्हणजे तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा घटक. इमल्सिफायर म्हणून मी ग्लिसरिल स्टिअरेट आणि पेग-१०० स्टिअरेटची तयार जोडी घेते. ‘एसई’ लिहिलेलं ग्लिसरिल स्टिअरेट घेऊ नका, त्यात साबण असतो आणि तो आम्लात सुटतो. भिरंडेल घरी कढवलेलं असेल तर आधी गरम करून दुहेरी मलमलीतून गाळा. त्यात बियांचा चोथा आणि पाण्याचा अंश राहतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. दोन्ही भांडी ७० ते ७५ अंशांवर वीस मिनिटं ठेवा, मग तेल पाण्यात ओतून हँड ब्लेंडर थांबून थांबून चालवा. सतत चालवलात तर हवा भरते.

लोशन थंड होईपर्यंत व्हिटॅमिनचं पाणी तयार करायचं. उकळून गार केलेल्या २० ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात २ ग्रॅम ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड. हे द्रावण चांगलंच आंबट असतं, पट्टी २ ते ३ दाखवते. असंच लोशनमध्ये ओतलं तर पुन्हा तुमचे गाल भाजतील. त्यात ०.५ ग्रॅम सोडियम सायट्रेट विरघळवा, पीएच नंतर घसरू नये म्हणून. मग खायचा सोडा, एकूण ०.४ ग्रॅम, तीन-चार वेळा चिमटीचिमटीने. इथे घाई नको. प्रत्येक चिमटीला बारीक फसफस होते, काचेच्या कडेला मण्यांसारखे बुडबुडे चिकटून बसतात. काडीने ढवळून ते सुटेपर्यंत थांबा, मगच पुढची चिमूट. गॅस अडकलेला असताना पट्टी बुडवली तर आकडा खोटाच येतो. फसफस पूर्ण थांबल्यावर साडेपाच ते सहाच्या दरम्यान यायला हवं.

लोशन ४० अंशांच्या खाली आलं, म्हणजे भांड्याला हात लावून सहज धरता येतंय, की हे पाणी त्यात घाला. मग ०.३ ग्रॅम व्हिटॅमिन ई आणि १ ग्रॅम प्रिझर्व्हेटिव्ह. सुगंध काही नाही. लव्हेंडर, लिंबू, संत्र्याचं तेल ‘नैसर्गिक’ असलं तरी नाजूक त्वचेला पहिला त्रास त्यांचाच होतो. शेवटी एक भाग लोशन नऊ भाग डिस्टिल्ड पाण्यात कालवून पुन्हा पट्टी लावा. आठवड्याने एकदा आणि महिन्याने एकदा परत बघा. ५ च्या खाली उतरलेलं दिसलं तर ते लोशन चेहऱ्याला लावू नका.

व्हिटॅमिन ई आणि कडुनिंब यांना प्रिझर्व्हेटिव्ह समजू नका, हे मला कळकळीने सांगायचं आहे. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होऊ देत नाही, जंतूंचं काही करत नाही. आपल्याकडे श्रावण संपेपर्यंत भिंती घाम गाळत असतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. अशा हवेत पाणी असलेलं लोशन प्रिझर्व्हेटिव्हशिवाय आठवडाभरही भरवशाचं नाही. फ्रिजचाही आधार धरू नका, पहिल्या वादळी पावसात वीज गेली की ती कधी येईल ते आपल्याला माहीत आहेच. मी पंपाच्या, उजेड न शिरणाऱ्या बाटल्या घेते. रुंद तोंडाच्या डबीत रोज बोट जातं. पावसाळ्यात केलेलं लोशन मी सहा आठवड्यांत संपवते, एरवी दोन महिन्यांत. मूळचा पांढरा रंग पिवळट झाला, वास बदलला की टाकून द्यायचं.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येते, त्वचेला चालतं की नाही. ते कळायला दोन बाटल्या लागतात. एकीत वरचंच लोशन व्हिटॅमिनच्या पाण्याशिवाय, त्याजागी साधं डिस्टिल्ड पाणी. तिला मी कोरं लोशन म्हणते. एका कोपराच्या आतल्या बाजूला कोरं, दुसऱ्याला व्हिटॅमिनचं, दिवसातून दोनदा, सात दिवस. चेहरा सोडून द्या. कोऱ्यानेही खाज आली तर व्हिटॅमिनला दोष देता येत नाही. इमल्सिफायर, प्रिझर्व्हेटिव्ह किंवा तेल यांतलं काहीतरी आहे. फक्त व्हिटॅमिनच्या बाजूला आली तर मात्र तुमचा संशय खरा. लावल्या लावल्या चुरचुरून दहा मिनिटांत शांत होतं ते बहुतेक वेळा पीएच किंवा प्रमाणाचं. दोन दिवसांनी खाज, सूज, पुरळ उठतं ते ॲलर्जीचं. तसं झालं तर प्रयोग थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, जाताना घटकांची यादी सोबत न्या.

ही परीक्षा आंब्याच्या हंगामात करू नका. तुम्ही देवगडच्या, म्हणून मुद्दाम सांगते. एप्रिल-मे मध्ये काढणीत, पेट्या भरताना देठाचा चीक उडतोच. आंबा आणि काजू एकाच कुळातले, दोघांच्या चिकात त्वचा उठवणारी द्रव्यं असतात. काजूच्या टरफलातलं तेल तर सरळ भाजतं. चीक उठलेल्या त्वचेवर साधं पाणीसुद्धा झोंबतं. एका वर्षी माझ्याकडे चार बायका ‘लोशन बाधलं’ म्हणून आल्या. चौघी काजू सोलायला जात होत्या. काम बंद झाल्यावर तेच लोशन त्यांना व्यवस्थित चाललं. हंगाम संपून तीन आठवडे जाऊ द्या, मग सुरू करा.

लिंबाचंही राहिलं. तो रस पीएच २ च्या आसपासचा, आणि कागदी लिंबाच्या सालीत अशी द्रव्यं असतात की त्यावर ऊन पडलं तर त्वचा भाजते आणि मागे काळा डाग राहतो. तुमचा चेहरा तेव्हा भाजला तो लिंबाने, त्यातल्या व्हिटॅमिन सी ने नाही. त्या अनुभवावरून स्वतःच्या त्वचेबद्दल मत बनवू नका.

शेजारणी मागायला लागल्या आणि विकायचा विचार आला, तर सौंदर्यप्रसाधने नियम २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो, एवढं ध्यानात ठेवा.

उरलेलं सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट टाकू नका. तुमच्या गालांना नको, पण घरात कुणा तरुण पोराला पाठीवर, खांद्यांवर मुरुमं असतील तर त्याला उपयोगी पडेल. ५ टक्क्यांच्या लोशनचा मुरुमांवर बारा आठवडे अभ्यास झालेला आहे आणि फरक दिसला आहे. त्यासाठी तेल आणि इमल्सिफायर काहीच नको. डिस्टिल्ड पाणी, ३ टक्के ग्लिसरीनमध्ये कालवलेला ०.८ टक्का झँथन, ३ ते ५ टक्के पावडर, १ टक्का फिनॉक्सीइथेनॉलचं मिश्रण. पीएच सायट्रिक ॲसिडच्या थेंबाथेंबाने ७ ते साडेसातवर आणा आणि तिथेच थांबा. पावडरच्या पिशवीतली हवा काढून ती काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, तांदळाच्या डब्यात ठेवतो तशी ओल धरणार नाही अशा जागी ठेवा. पावसाळ्यात तिचे खडे झालेले दिसले तर ओल लागली असं समजा.